पन्ह्याच्या कृतीतली कोरी जागा

एकदा एका व्रतस्थ गृहिणीने शंभर वर्षांपूर्वीचे पन्हे आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पुन्हा करायला घेतले. तिचे नाव शालन. अक्षय्य तृतीयेला वाटसरूंना पाणी पाजण्याचा तिचा नेम होता. यंदा देवळाच्या पेटीत एक जुनी चोपडी सापडली, तीत या दिवशी दिल्या जाणाऱ्या पन्ह्याची कृती होती, आणि शालनने तेच पन्हे करण्याचा संकल्प केला.

देवस्थानचे चिटणीस मात्र व्यवहारी. "वहिनी, उद्या सकाळपर्यंत चव जमली तर ठीक, नाहीतर मी बाटल्यांतलं सरबत मागवतो. आणि कृती पक्की द्या हं, छापायचीय."

चोपडीत कैऱ्या, गूळ, वाळा, वेलदोडे, सगळ्यांची मापे होती. शेवटी 'मीठ' एवढाच शब्द, आणि पुढे कोरा कागद. शाई उडाली नव्हती, कसर लागली नव्हती. मग शालनने काट्यावर मीठ तोलून सहा वेळा पन्हे केले. कधी खारट, कधी मिळमिळीत. यजमान म्हणाले, "आता आणखी एक पेला पुढे केलास, तर मीच उपास धरतो!"

शेवटी तिने शेजारच्या वयोवृद्ध माईंना बोलावले. व्रतवैकल्यांतले अडले की ती त्यांच्याकडेच जाई. माई भर दुपारी आल्या.

"माई, एका तांब्याला किती चिमटी, तेवढं सांगा."

माईंनी पन्हे चाखलेसुद्धा नाही. "बिनमिठाचं पातेलं घे, मिठाची वाटी घे, आणि खाली फाटकाशी चल."

"अहो, एवढ्या उन्हात? इथंच बघू ना चव, पंख्याखाली."

"पंख्याखाली सापडायची असती, तर सहादा सापडली असती."

दोघी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. पार्सल पोचवणारी एक मुलगी आली. तिच्या सदऱ्यावर घाम वाळून पांढरी नक्षी उमटली होती. माईंनी पेल्यात दोन सणसणीत चिमटी मीठ ढवळले. मुलगी एका दमात प्यायली. "मावशी, अजून आहे?"

मग गार मोटारीतून एक शेजारीण उतरली. तिच्या पेल्यात माईंनी जेमतेम चार कण टाकले. तिने घोट घोट चाखत विचारले, "वा! काय घातलंय यात?"

शालन चक्रावली. "माई, एकीला एवढं, दुसरीला एवढंसं! मी लिहू काय?"

माई हसल्या. "पोरी, कैरी किती आंबट ते बघून गूळ ठरतो. चोपडी लिहिणाऱ्याला ते घरी बसून ठरवता आलं. मीठ ठरतं ते पिणाऱ्याच्या अंगावरून. तो तर अजून वाटेवरच होता. त्याचं माप आधीच कसं लिहायचं? तू माप हरवलं म्हणून शोधत बसलीस. ती जागा येणाऱ्यासाठी राखलेली आहे."

शालनने त्या मुलीचा रिकामा पेला उचलला. सहा वेळा तिने मीठ तोलले होते, पण पिणाऱ्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती देवळाच्या दाराशी पातेले घेऊन बसली. प्रत्येकाकडे आधी निरखून बघायची, मग वाटीत हात घालायची. सकाळपासून टेबले वाहून दमलेले चिटणीस कागद-पेन घेऊन आले.

"हं, वहिनी, मिठाचं काय लिहू?"

तिने त्यांच्या भिजून वाळलेल्या कॉलरकडे पाहिले, दीड चिमूट मीठ पेल्यात ढवळले आणि पेला त्यांच्या हाती दिला. ते प्यायले. त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. दुसरा संपवून त्यांनी बाजूच्या रांगेकडे पाहिले: एक म्हातारा फुलवाला, कडेवर मूल घेतलेली बाई, शाळेचे मास्तर. शालनचा हात प्रत्येकासाठी निराळा चालत होता.

चिटणीसांनी कागदावर 'मीठ' लिहिले, पुढची जागा तशीच सोडली आणि पेनाला टोपण लावले.