पाठमोरीची मिरची

चार वर्षांच्या मुलीनं मिरची खाल्ली तर काय काय होऊ शकतं, या काळजीनं वृंदाला रात्रभर झोप लागली नव्हती. घसा सुजतो का, तोच हात डोळ्याला लागला तर काय करायचं, ठसका लागला तर पाठीवर थोपटतात की थोपटत नाहीत? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आधीच सतरा नखरे करून जेवणारी पोर या धसक्यानं उरलंसुरलं जेवणही सोडून बसली तर? भात वेगळा, वरण वेगळं, आणि त्या दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये, एवढ्यावर जुईचा सगळा आहार चालला होता. डॉक्टरांच्या तक्त्यावर तिच्या वजनाची रेघ खालच्या अंगाला सरपटत होती. ‘भूक लागली की खाईल’ असं सांगणाऱ्या माणसांना एका रांगेत उभं करून प्रत्येकाच्या हातात जुईची वाटी द्यावी, असं वृंदाला हल्ली फार वाटायचं.

आणि आता समोर ही देवी. तीसुद्धा पाठ फिरवून उभी.

खडकोळीच्या टेकडीवरचं हे देऊळ आडवाटेला आहे, पण एकदा पाहिलं की विसरत नाही. गाभाऱ्यातली देवी भिंतीकडं तोंड करून उभी आहे. दर्शनाला आलेल्या माणसाला दिसते ती तिची पाठ आणि शेंदरानं माखलेला अंबाडा. हळदकुंकू वाहायचं तेही पाठीलाच. देवळाच्या पायऱ्यांच्या ऐन मधोमध मिरचीचं कमरेएवढं झुडूप आहे. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून चढतो. करंगळीच्या पेराएवढ्या लालभडक मिरच्या, आणि सगळ्या शेंडे वर करून ताठ उभ्या. वर्गात बाईंनी हात वर करायला सांगावं तशा.

वृंदाचा नवरा सुहास मूळचा इथला. त्यांच्या भावकीत मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत या पाठमोरी देवीसमोर त्याचा ‘पाठघास’ करायचा रिवाज आहे. मुलापुढं भाकरी, दही आणि या मिरचीचा खरडा ठेवायचा, आणि आईनं पाठ करून बसायचं. मूल काय खाईल ते खाईल. त्यानं हाक मारल्याशिवाय आईनं वळायचं नाही. वळली तर घास मोडला, पुन्हा पुढच्या वर्षी. जुईला पुढच्या महिन्यात पाच पूर्ण होणार होती, म्हणजे पुढचं वर्ष नव्हतंच. सुहास जुईला घेऊन खाली तळ्यातली बदकं दाखवायला गेला होता. त्याचा स्वतःचा पाठघास झाला होता आणि तो जिवंत होता, एवढा एकच पुरावा त्यानं बायकोला दिला होता.

“पिशवीत काय हाय गं एवढं?” हौसाक्कानं विचारलं. हौसाक्का म्हणजे इथल्या गुरवांच्या घरातली थोरली बाई. देवळाची झाडलोट आणि आल्यागेल्याला गोष्ट सांगणं, दोन्ही तिच्याकडंच.

पिशवीत दूध होतं, साखर होती, मध होता, तूप होतं आणि वरणभाताचा डबा होता. वृंदानं नुसतं “थोडं सामान” म्हटलं. आक्कानं पिशवी उचलून पाहिली आणि आपल्या पलीकडं ठेवून दिली.

बोलणं वळवायचं म्हणून वृंदानं मिरचीचा विषय काढला. गेल्या वर्षी सासूबाईंनी याच मिरच्या वाळवून धाडल्या होत्या. तिनं त्यांचं बी काढलं, कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात बांधलं, मग पुण्याच्या गॅलरीत कुंडीत पेरलं. एक कोंब आला नाही. नर्सरीवाल्याला विचारलं, तो म्हणाला ऊन कमी. ऊन वाढवलं, तर म्हणाला पाणी जास्त.

आक्का पदर तोंडाला लावून हसली. “पोरी, माणसाच्या हातानं ती येत न्हाई. पाखरानं खावी लागती, आणि त्याच्या पोटातनं बी पडावं लागतं. मग ते पडंल तिथं उगवतंय. आमी लावत बी न्हाई आन् उपटत बी न्हाई.” म्हणूनच तर पायरीच्या मधोमध झुडूप. शाळेच्या भिंतीत एक आहे, पाणवठ्याच्या दगडात एक. खुद्द आक्काच्या उंबऱ्यात एक उगवलंय, त्यामुळं दाराची एक फळी कित्येक वर्षं उघडलेली नाही आणि घरातली माणसं आडवी होऊन आत-बाहेर करतात. “वैताग हाय नुसता,” आक्का म्हणाली, “पण देवीचा वैताग. काढतंय कोण?”

मग ती पायरीवर नीट मांडी घालून बसली आणि तिचा आवाज बदलला. गोष्ट सांगायचा आवाज तिनं वेगळा ठेवला होता.

फार पूर्वी, म्हणे, या मुलखात मिरची नव्हती. जेवणात तिखट म्हणजे मिरी, आणि तीही घाटाखालचे लमाण आणतील तेव्हा. मिरची इकडं कधी आणि कुठल्या समुद्रावरून आली, ते वृंदा शाळेत शिकली होती, पण तिनं तोंड मिटून ठेवलं. तेव्हा देवीही इतर देवींसारखी तोंड पुढं करून उभी होती, असं सांगतात.

देवळाच्या मागं तेव्हा एकच झुडूप होतं. कुण्या परमुलखातल्या पाखरानं आणून टाकलेलं. गावातली एक गाय त्याला तोंड लावून गेली, आणि जी उधळली ती तीन शिवारं तुडवून ओढ्यात जाऊन बसली. गावानं ठरवलं, हे विषाचं झाड. देवीच्या आवारातलं म्हणून तोडायचं धाडस कुणाला झालं नाही, तेव्हा भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बुलबुल मात्र खुशाल येऊन ती फळं खायचे. पाखराला विष चालतं, माणसाला चालत नाही, असं म्हणून लोकांनी तो विषय संपवला.

त्या गावात धुरपा नावाची बाई होती. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. तिसरा भैरू, देवीला नवस बोलून झालेला. देवीनं दिलेला म्हणून तिनं त्याला असा जपला, की वाऱ्यालाही विचारून अंगावर येऊ द्यायची. त्याच्या घासात मीठ नाही, आंबट नाही, तिखटाचं तर नावच नको. आधी स्वतः चाखायची, मग फुंकर घालायची, मग बोटानं मऊ करायची, आणि तोवर तो घास घास राहायचाच नाही. पोरानं तोंड फिरवायला सुरुवात केली. ती वाटी घेऊन इकडून गेली की तो तिकडं बघायचा, तिकडून गेली की इकडं. मग तो पळायला लागला आणि ती वाटी घेऊन मागं धावायला लागली. मारुतीच्या पारावरून, पाणवठ्यावरून, वेशीपर्यंत. पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, “धुरपाची परदक्षिणा निघाली, वाट द्या.”

वृंदानं नकळत मान खाली घातली. त्यांच्या सोसायटीच्या बागेत घसरगुंडीभोवती तिची प्रदक्षिणा रोजच निघायची. फक्त तिथली म्हातारी माणसं एवढं चांगलं बोलत नसत.

भैरू वाळत चालला. गावातल्या प्रत्येक बाईनं धुरपाला उपाय सांगितला, आणि कुठलाही उपाय दुसऱ्या उपायाशी जुळत नव्हता. कुणी म्हणालं दृष्ट काढ, कुणी म्हणालं कान उपट, कुणी म्हणालं माझी सहा झाली, मला तर कधी कळलंच नाही ती कधी जेवली. सगळ्यांचं ऐकून, सगळं करून, एक दिवस धुरपाचं डोकं फिरलं. तिनं एका काखेत पोर घेतलं, दुसऱ्या हातात नाचणीची भाकरी आणि दह्याचा वाडगा घेतला आणि टेकडी चढून देवीपुढं उभी राहिली. नवस बोलायला आली नव्हती. भांडायला आली होती, असं सांगतात.

“तू दिलास न्हवं?” ती म्हणाली. “मग आता तूच भरव. माझं हात टेकलं. ह्यो जेवून हाक मारील तवाच मी मागं बघीन. न्हाई मारली, तर इथंच बसल्या जागी माझी शिळा होऊ दे.”

तिनं पोराला आणि वाडग्याला देवीच्या पायाशी ठेवलं, स्वतः उंबऱ्यावर येऊन पाठ करून बसली आणि डोळे खाली दरीकडं लावले.

बराच वेळ काही झालं नाही. मग पोराची पावलं वाजली, ती देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. मागच्या बाजूला काय आहे ते धुरपाला ठाऊक होतं. कुंपणात ढोर शिरणार नाही असे काटे घातले होते. ते घालताना पोराचा विचार कुणी केला नव्हता. एक बुलबुल शीळ घालत होता. आता वळावं, असं तिच्या प्रत्येक हाडाला वाटलं म्हणे. आणि तेवढ्यात भैरूनं जी किंकाळी फोडली, ती खाली गावात ऐकू गेली. गुराख्यांनी गुरं सोडली, पाणवठ्यावरच्या बायकांनी घागरी टाकल्या.

“आणि ती वळली नाही?” वृंदानं विचारलं. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“न्हाई वळली.”

“कसली आई म्हणायची ही!”

“आजवर ज्या ज्या आया हितं बसल्या,” हौसाक्का शांतपणे म्हणाली, “त्या समद्या हेच म्हणाल्या बघ.”

धुरपानं उंबऱ्याचा दगड दोन्ही हातांनी असा धरला, की बोटांच्या खुणा उमटल्या. आक्कानं खुणा दाखवल्या. उंबरा खरंच झिजलेला होता, कशानं ते देवीलाच ठाऊक. किंकाळी धावत पुढं आली, देवळात शिरली, आणि मग एकाएकी थांबली. वाडगा खरवडल्याचा आवाज आला. पोर दह्यावर तुटून पडलं होतं. दही संपलं तसं तोंड पुन्हा पेटलं, म्हणून भाकरी. भाकरीनं आग विझली, तसा तो पुन्हा मागं गेला. आणखी एक मिरची, आणखी एक किंकाळी, पण ही जरा लहान. मग पुन्हा भाकरी. बुलबुल खातो ते मी खातो, एवढंच त्या पोराला कळलं होतं. बेचव घासांनी मेलेली त्याची जीभ त्या दिवशी जागी झाली, असं सांगतात.

शेवटी दह्यानं माखलेला एक हात धुरपाच्या पाठीवर पडला आणि पोर म्हणालं, “आये, आजून भाकर.”

तेव्हा धुरपा वळली. पोराचे ओठ सुजलेले, नाक गळतंय, डोळे लाल, आणि वाडगा कोरडा. तिनं देवीचे आभार मानायला वर पाहिलं, तर देवीची पाठ. ती हबकली. आपण भांडलो म्हणून देवी रुसली, असं तिला वाटलं. तिनं नाक घासलं, गावानं गाऱ्हाणं घातलं. तेव्हा रात्री गुरवाच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, “रुसले नाही रे. ते पोर किंचाळत पुढ्यात आलं, तेव्हा मलाही बघवेना.”

तेव्हापासून ती तशीच उभी आहे. काट्यांचं कुंपण गावानं त्याच दिवशी काढलं, आणि पाखरांनी पुढचं सगळं केलं.

आजही खडकोळीत पाठघासाच्या दिवशी देवळाच्या आवारात चूल मांडतात. गोष्ट संपेपर्यंत सुहास जुईला घेऊन वर आला होता, भावकीही जमली होती. हौसाक्कानं तव्यावर मिरच्या आणि लसणीच्या पाकळ्या तेलाच्या थेंबावर भाजल्या, वर खडेमीठ टाकलं, आणि तांब्याच्या बुडानं तव्यातच खरडल्या. धूर उठला तसे जमलेले सगळे खोकायला लागले, सुहास तर आवाराबाहेर पळाला. आजही मुलापुढं नाचणीची भाकरी आणि दह्याचा वाडगा ठेवतात, खरड्याची बोराएवढी गोळी ताटाच्या कडेला लावतात. आणि आजही खरडा चाखल्यावर मूल पहिल्यांदा जे बोलतं, ते त्याला जन्मभर चिकटतं. गावच्या सरपंचांना मागं ‘पाणी-पाणी’ म्हणतात. सुहास तेव्हा “मला घरी जायचंय” म्हणाला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.

जुईला देवीपुढं ताटापाशी बसवून वृंदा उंबऱ्यावर पाठ करून बसली. पिशवी आक्काच्या मांडीखाली होती. समोर पायरीवरचं झुडूप आणि खाली दरी. मागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिनं हात टेकले, तर बोटं बरोबर उंबऱ्यातल्या त्या खळग्यांत बसली. मागून दात-ओठांतून आत ओढलेला लांब श्वास ऐकू आला. मग नाक ओढल्याचा. मग पुन्हा शांतता, आणि ती शांतता काय असते ते वृंदाला घरच्या अनुभवानं चांगलं ठाऊक होतं: जुई रडण्याच्या आधी असा दम घेते. झुडपावर एक बुलबुल येऊन बसला. त्यानं एक मिरची ओढून गिळली आणि मान वाकडी करून तिच्याकडं पाहिलं. त्याचं काय जातं, असं तिला वाटलं. आता वळायचंच, रिवाज गेला खड्ड्यात, असं तिनं ठरवलं, आणि तेवढ्यात वाडगा खरवडल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. बराच वेळ.

तिनं डोळे घट्ट मिटले. गाभाऱ्यातली ती दुसरी बाईही आत्ता भिंतीकडं तोंड करून असंच काहीतरी करत असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिला जरा बरं वाटलं.

छोटी पावलं जवळ आली. एक ओला, चिकट हात तिच्या पाठीवर पडला, अगदी नव्या साडीवर, आणि सुजलेल्या ओठांमधून जुई म्हणाली, “आई, तू नको खाऊस हं. तुला झोंबेल.”