जुन्या पाल्याचा ठिपका

एकदा एका धरणाच्या भिंतीआड एक गाव पाण्याखाली गेले. घरे गेली, शेते गेली, नदीकाठचे देवीचे देऊळही गेले. माणसांना दूर माळावर नवी वसाहत मिळाली. देवीची मूर्ती त्यांनी वाजतगाजत सोबत आणली आणि सिमेंटच्या नव्या देवळात बसवली. त्या दिवशी सारे गाव देवळात होते. एक वृद्धा मात्र आपल्या उंबऱ्याशीच बसून राहिली.

"देवीला तिचा पाला न्हाई वाहिला," ती म्हणाली. "पाल्याबिगर बसवली, म्हंजी पाहुणी म्हणून बसवली. पाला घावंल तवा मी येईन देवळात."

जुन्या गावी नवरात्राच्या तोंडावर डोंगरावरचे धनगर एका सुगंधी झुडपाचा पाला घोंगडीत बांधून आणून देत. त्याची पहिली ओंजळ देवीला वाहण्याचा मान या वृद्धेच्या घराण्याकडे होता. सगळे त्याला 'देवीचा पाला' म्हणत, त्यामुळे झुडपाचे खरे नाव कुणी कधी विचारलेच नाही. पुढे डोंगराचा तो उतार बुडाला आणि धनगर पांगले. वृद्धेजवळ उरली एक पुरचुंडी, आणि तिच्यात शेवटच्या वर्षीच्या पाल्याचा वाळलेला चुरा. तिची दृष्टीही आता अधू झाली होती. कुणी कुठला पाला आणून दिला की ती तो हातात चुरगाळी, नाकाशी नेई आणि बाजूला ठेवी. "ह्यो न्हवं."

या वृद्धेची मुलगी मंदा तालुक्याच्या गावी एका वृद्ध आचार्यांजवळ काम शिकत होती. आचार्य वनस्पतींची पारख करीत. कुणी औषधाची मुळी आणावी, कुणी साल, कुणी मध. खरे की भेसळीचे ते आचार्यांनी सांगावे. त्यांची पद्धत पाहायला साधी होती. पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिलेली काचेची पट्टी घ्यायची. वनस्पतीचा अर्क केसासारख्या बारीक नळीने तिच्या तळाशी ठिपक्यासारखा टेकवायचा. मग ती पट्टी थोडे द्रावण घातलेल्या बरणीत उभी करायची. द्रावण पट्टीवर हळूहळू वर चढते आणि ठिपक्यातल्या घटकांना सोबत नेते. पांढरा थर त्यांना धरून ठेवतो, द्रावण ओढून नेते. या ओढाताणीत कुणी लवकर थांबते, कुणी दूरवर जाते. एका ठिपक्याचे अनेक ठिपके होतात, प्रत्येक आपापल्या उंचीवर. या विद्येला तनुस्तर वर्णलेखन असे भारदस्त नाव आहे. प्रयोगशाळेत मात्र सगळे 'पट्टी लावणे' एवढेच म्हणत.

"ध्यानात ठेव," आचार्यांनी मंदाला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "पट्टी कधी कुणाचे नाव सांगत नाही. शेजारी ज्याला उभे केलेस त्याच्याशी जुळते की नाही, एवढेच सांगते."

मंदाला तेवढेच हवे होते. सुट्टीला घरी गेली की ती रानोमाळ हिंडून नाना तऱ्हेचे पाले गोळा करी. आईकडून पुरचुंडीतली चिमूट मागून आणी. मग सारे काम आटोपल्यावर एका पट्टीवर जुना पाला आणि त्याच्या शेजारी नवा, असे लावून पाही. एकही जुळला नाही. पट्टीच्या कडेला पेन्सिलीने 'नाही' असे लिहून ती पट्टी फळीवर ठेवून देई.

"तुझ्या काचंला नाक हाय का गं?" आई विचारी.

"नाक नाही, पण डोळे आहेत."

"मग माझ्यासारखेच असतील," आई म्हणे आणि चिमूट देताना पुरचुंडीला बराच वेळ हात लावून बसे.

असे करता करता पुरचुंडी रिती झाली. शेवटच्या चुऱ्याचा अर्क मंदाने एका कुपीत काढला. थेंबही वाया जाऊ नये म्हणून तोही नेहमीसारखाच मंद आचेवर आटवून काकवीसारखा दाट केला. आणि मग मात्र तिचा धीर सुटला. कुपी घेऊन ती आचार्यांसमोर उभी राहिली आणि आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट तिने त्यांना सांगितली. धरण, देवी, पाला, उंबऱ्याशी बसलेली आई.

आचार्यांनी ऐकून घेतले. उठून फळीवरच्या पट्ट्या एकेक करून उजेडात धरल्या. मग त्यांनी मंदाच्या हातातली कुपी घेतली, तिच्यातला बराचसा अर्क एका चंचुपात्रात ओतला आणि त्यावर स्पिरिटची बाटली उपडी केली. काकवीसारखा तो अर्क बघता बघता पाण्यासारखा फिका झाला.

"सर! अहो, काय केलंत हे!" मंदा ओरडलीच. "शेवटचा होता तो. आता आणू कुठून मी?"

"बस," आचार्य म्हणाले.

"बसू काय? गावच बुडालंय ते!"

"म्हणूनच म्हणतो, बस."

त्यांनी नवी पट्टी घेतली. त्या फिक्या द्रवाचा ठिपका असा हलका टेकवला की तो लागला की नाही हेही दिसेना. शेजारी मंदाने नाकारलेल्या पाल्यांचे अर्क ओळीने लावले. त्यांच्या कुप्या तिने जपून ठेवल्या होत्या. पट्टी बरणीत उभी केली, झाकण लावले. मंदा भिंतीकडे तोंड करून बसली. पट्टी वाळली, तिच्यावर रंग उमटवणारा फवारा मारला, ती तापवली, तेव्हा आचार्यांनी हाक मारली, "इकडे ये, रुसूबाई."

मंदाने पाहिले. ज्या जागी तिला नेहमी तळापासून वरपर्यंत एक तपकिरी फराटा दिसायचा, तिथे आज सुटे सुटे ठिपके होते. खाली एक जांभळा, मध्ये पिवळसर, वर निळा. आणि शेजारच्या एका रांगेत, अगदी त्याच उंचीवर, तेच तीन रंग. जुन्याचे थोडे फिके, नव्याचे ठळक, एवढाच फरक.

ती रांग कुठल्या पाल्याची म्हणून मंदाने कुपी पाहिली. वसाहतीमागच्या कालव्याच्या काठावर शेळ्या खातात ते झुडूप. सर्वांत आधी आणलेला आणि सर्वांत आधी नाकारलेला पाला.

"पण सर, मी हाच लावून पाहिला होता. जुळला नव्हता."

आचार्य म्हणाले, "मुली, लोकांचे नमुने तू किती हलक्या हाताने लावतेस! ठिपका जाड झाला की घटक एकमेकांना सोडत नाहीत, सगळ्यांचा मिळून एक फराटा होतो, हे तू मला झोपेतही सांगशील. पण हा पाला तुझा होता. म्हणून तू तो दाट केलास आणि ठिपक्यावर ठिपका ठेवत गेलीस. मायेने ठेवलास, जितका जास्त तितका खरा असे समजून. बुडालेल्या गावाचे सारे ओझे तू त्या एका बिंदूवर घातलेस. असा ठिपका कशाशी जुळणार? नव्यांत खोट नव्हती, बाळ. जुन्याला तू इतके जड केलेस की त्याच्या शेजारी कुणाला उभेच राहता येईना."

मंदाच्या डोळ्यांना पाणी आले. "म्हणजे आठवण कमी करायची?"

"कमी नव्हे, विरळ. काही फेकायचे नाही त्यातले. एकमेकांपासून सुटे होईल इतके पातळ करायचे. मग त्यात काय काय आहे ते दिसते." मग ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आणि एका पट्टीवर विश्वास ठेवू नकोस. द्रावण बदलून पुन्हा लाव. तिथेही जुळले, तर घरी जा."

द्रावण बदलले तरी ठिपके जुळले. मंदा घरी गेली.

जाताना कालव्याच्या काठी उतरून तिने त्या झुडपाचा पाला ओंजळभर खुडून घेतला. वाटेत तिने मनाशी पुष्कळ वाक्ये जुळवली होती: पट्टीने सिद्ध झाले आहे, सरांनी स्वतः पाहिले आहे, आता तुला मानावेच लागेल. पण आईसमोर बसल्यावर तिला पूर्वीच्या खेपा आठवल्या. दर वेळी ती विचारायची, "आई, आपल्या गावासारखा आहे का गं?" आणि दर वेळी आईच्या मिटल्या डोळ्यांपुढे सारे गाव उभे राहायचे. एवढ्याशा पानाने त्या गावाची बरोबरी करायची तरी कशी?

मंदाने पाला आईच्या हातात दिला. आईने तो चुरगाळला, हुंगला. "ह्यो न्हवं. कितीदा सांगू?"

"बरं," मंदा म्हणाली. ती वाद घालायला गेली नाही. "आई, धनगर पाला आणायचे, तो कशात बांधून आणायचे गं?"

"घोंगडीत. दुसऱ्या कशात आणतील? धुक्यातनं यायचे, घोंगडी भिजलेली असायची. वल्या लोकरीचा वास पाल्याला लागायचा." आई थोडी हसली. "म्हातारा बिरू म्हणायचा, वैनी, देवीला माझ्या मेंढराचाबी वास आवडतो."

"आणि देवळात?"

"देवळात करंजाच्या तेलाचा दिवा. त्याचा उग्र वास. अन् दगूड, गार, वला. नदी उंबऱ्यालाच की." आईने मुठीतला पाला बोटांनी चाचपला. म्हणाली, "लोकर न्हाई ह्यात. करंजेल न्हाई. नदी न्हाई."

"नाही," मंदा म्हणाली. "ते सगळं तिकडं राहिलं, आई."

"राहिलं."

"आणि पाल्याचा स्वतःचा वास?"

आईने मूठ पुन्हा नाकाशी नेली. या वेळी तिला घाई नव्हती. बाहेर शेळ्या ओरडत होत्या; कुणीतरी त्यांना हाकत रस्त्याने गेले. आईची मूठ खाली आली नाही.

"त्यो हाय की गं," ती हळूच म्हणाली. "त्यो हाय ह्यात. आपल्या पाल्यापेक्षा तिखट हाय जरा." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "गाव काय परत यायचं न्हाई, एवढं कळतं मला. येडी न्हाई मी."

तिने पाला पदरात घेतला. एकही पान सांडणार नाही अशी गाठ मारली आणि भिंतीला हात लावून उठली.

"देऊळ उघडं असंल का गं आत्ता?"

मंदाने तिच्या चपला उंबऱ्यापुढे सरळ करून ठेवल्या.