दौलू छायावाल्याची फीत

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वीची गोष्ट, बोलपट यायच्याही आधीची. आमच्या सावळखेडला दौलू छायावाला यायचा. पाठीवर लाकडी पेटी, पेटीला दांडा. दांडा फिरवला की समोरचं सगळं आतल्या फितीवर उतरायचं. मग फीत धुऊन आणायची, मागे दिवा लावून तोच दांडा फिरवायचा, की तेच भिंतीवर दिसायचं. कंपन्या त्याला राजा-राणीचे खेळ काढायला बोलवायच्या, पण हा गडी जायचा नाही. ज्यांची गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही, त्यांच्या दारात हा पेटी मांडायचा. पोट कसं भरायचा, देव जाणे.

त्या साली तळं पार आटलं. शेताला पाणी सोडायच्या मोरीच्या तोंडाशी गाळातून एक दगड वर आला. त्यावर घण कोरलेला आणि शेजारी घागर. वडारवस्तीतली म्हातारी तिम्माबाई म्हणाली, "ह्यो आमच्या आज्यानं बसवलेला दगूड. बांध तीनदा फुटला, चवथ्यांदा वडारांनी बांधला. तवा गावानं वचन दिलं, तळ्यात पानी हाय तवर वडाराची घागर भरंल." गाव हे केव्हाच विसरलं होतं. म्हातारीने दौलूचा हात धरला. "तुज्या पेटीत ठिव बाबा. पानी चढलं की गाव पुन्ना इसरंल."

दौलूने दांडा धरला आणि अख्खं गाव धावलं. चित्र कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पेटीसमोर उभं राहायची हौस दांडगी. म्हाळोजी पाटील तर दगडावर पाय देऊन, मिशीला पीळ भरत उभे राहिले. मग दौलू फीत धुवायला शहराकडे गेला.

पुढे पाऊस झाला, तळं भरलं. तिम्माबाई वारली. आणि पाटलांच्या डोक्यात उसाचा मळा शिरला. त्या मळ्याला तळ्याचं सगळं पाणी हवं होतं. वडारवस्ती उपरी आहे, तिला उठवा, असा अर्ज गेला आणि मामलेदार चौकशीला आले. दगड पाटलांनी पाणी चढायच्या आधीच फोडून टाकला होता.

मामलेदारांनी विचारलं, वस्तीखेरीज कुणी तो दगड पाहिला का? पाटील म्हणाले, "म्या असला धोंडा कदी बगितला न्हाई." मग एकेका घरातल्या कर्त्याने मारुतीच्या पायावर हात ठेवून तेच सांगितलं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? माझा पणजाही होता त्यात. सांगायला लाज वाटते, पण होता.

दिवस मावळेपर्यंत वस्ती उठायची होती. बायांनी भांडीकुंडी बांधायला घेतली, तोच भर दुपारी, मामलेदार बसले होते त्या गावच्या कोठारापाशी, दौलू धुतलेली फीत घेऊन धापा टाकत आला. पाटलांच्या माणसांनी त्याला गाठून पेटीमागचा दिवा फोडला. पाटील हसले. "दाव आता."

"कोठाराची दारं लावा," दौलू म्हणाला. "अंधार पायजे." धोंडू न्हाव्याने हजामतीचा आरसा आणून बाहेर उन्हात धरला. खिडकीच्या फटीतून ऊन थेट पेटीत शिरलं. मामलेदार म्हणाले, "चालू द्या."

आता ऐका, भीती कसली होती ती. त्या वेळची फीत कापरासारखी पेटायची, आणि ऊन दिव्यापेक्षा कडक. दांडा थांबला की खेळ संपला. भिंतीवर तळं दिसलं. तिम्माबाई दिसली, हालती-चालती, आणि तिची लेक ओक्साबोक्शी रडू लागली. दगड अजून यायचा होता. एवढ्यात खाली पडलेली, दाखवून झालेली फीत पेटली आणि जाळ वर चढू लागला.

"सोड, दौलू, सोड!" लोक ओरडले. दौलूने सोडलं नाही. पुढे चित्र धावतंय, मागून जाळ येतोय. हाताची सालपटं निघाली, असं म्हणतात, पण दांड्याची लय तसूभर चुकली नाही.

आणि दगड आला. घण, घागर, आणि वर पाटलांचा पाय. मागे ओळीने सगळं गाव, दगडाकडे बोट दाखवून हसणारं. शपथ घेतलेलं एकेक तोंड तिथे होतं. मामलेदारांनी पाटलांच्या पायाकडे पाहिलं, आणि वस्ती हलणार नाही असं तिथल्या तिथे सांगितलं.

फीत जळाली, पेटीही जळाली. तरी तो दगड भिंतीवर घटकाभर तसाच दिसत होता, असं म्हणतात. दौलूचे हात पुन्हा कसलंच काम करण्याजोगे राहिले नाहीत. तो वडारवस्तीतच राहिला, आणि वस्तीने त्याला मरेपर्यंत घास भरवला.

अजूनही मोरी उघडायच्या दिवशी गाव भर दुपारी कोठारात जमतं. न्हाव्याच्या घरचा कुणीतरी बाहेर आरसा धरतो. भिंतीवर नुसतं ऊन पडतं. शपथ घेतलेल्या प्रत्येक घरातला एकेक माणूस त्या उजेडात उभा राहतो, पहिला पाटलांचा. यंदा आमच्या घरातून माझी पाळी होती. वाक्य एकच, लहानपणापासून पाठ असलेलं.

"दगड आम्ही पाहिला होता."

सगळी घरं बोलून झाली की दारात बसलेली वडारवस्तीची म्हातारी म्हणते, "आयकलं." मगच मोरी उघडतात.