चाकात अडकलेलं कणीस

विमानं आपापसांत बोलायची, त्या काळची ही गोष्ट. माळावरच्या एका धावपट्टीवर कसरती करणारी चार छोटी विमानं राहायची. सगळ्यांत पुढे थोरली तांबडी, सगळ्यांची आक्का, आणि तिच्या मागे पंखाला पंख लावून बाकीची तिघं. त्यांचा नियम एकच होता. मागच्यांनी नजर तांबडीवर ठेवायची, जमिनीकडे बघायचंच नाही.

जत्रेच्या दिवशी तांबडीनं आभाळातून खाली सूर मारला. तिघंही तिच्या मागोमाग निघाली. शेवटच्या पिवळीला डोळ्याच्या कोपऱ्यातून ज्वारीचं शेत झपाट्यानं वर येताना दिसलं. पण नियम तो नियम, आणि आक्काला कळत नसेल का? तिनं नजर तांबडीवरच रोखली. तेवढ्यात सूर्यावर ढग आला, तांबडीनं दचकून नाक वर उचललं आणि चौघंही कशीबशी वर आली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

उतरल्यावर पिवळीनं पाहिलं, तर तिच्या चाकात ज्वारीचं कणीस अडकलं होतं.

"आक्का, एवढं खाली का नेलंस आम्हाला?"

तांबडी त्या कणसाकडे बघतच राहिली.

"उन्हानं डोळे दिपले होते गं," ती कसंबसं म्हणाली. "मला जमीन दिसतच नव्हती. मी आरशातून तुमच्याकडे बघत होते. तुमच्यातलं कुणी जराही बिचकलं नाही, म्हटलं, अजून पुष्कळ उंच आहोत."