कोऱ्या पाठीच्या जर्सी

एका तालुक्याच्या गावात शालन नावाची एक शिंपीण होती. तिच्या दुकानात संगणकाला जोडलेलं भरतकामाचं मशीन होतं. संगणकावर अक्षरं काढली की मशीन ती कापडावर भरायचं.

तिचा नवरा रंगनाथ दसऱ्याला संगणकाची पूजा करायचा आणि त्यातलं काही पुसू द्यायचा नाही. पुसलं की बरकत जाते म्हणे. संगणक मंदावला की तो कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून वेग वाढवणारा आणखी एक फुकटचा प्रोग्राम टाकायचा. वेग काही वाढला नाही, व्हायरस तेवढे वाढले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

गावातल्या मुलींचा कबड्डीचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याला निघाला होता. पाठीवर गावाचं नाव हवं, म्हणून त्यांनी जर्सी शालनकडे दिल्या. तिने शनिवारचा शब्द दिला. गुरुवारी पहिल्याच जर्सीवर अर्धं अक्षर उमटलं आणि संगणक अडकला. पुन्हा चालू केला, पुन्हा अडकला.

शालन म्हणाली, "सगळं पुसून सिस्टिम नव्याने टाकते."

"अगं, बरकत जाईल."

"या कचऱ्यात बरकत असती तर अक्षर पुरं झालं असतं."

तिने आपली डिझाइनं तेवढी बाजूला काढली, बाकी सगळं पुसलं आणि नवी सिस्टिम टाकली. संगणक झटकन सुरू झाला, पण मशीन हलेना. संगणकाचा हुकूम मशीनला समजावणारा ड्रायव्हरही पुसला गेला होता.

शुक्रवारी सकाळी रंगनाथ शेजारच्या दुकानातून पेनड्राइव्ह घेऊन आला. "यात सगळे ड्रायव्हर आहेत. एक बटण दाब, झालं काम."

शालनला मोह झाला. मुली कोऱ्या पाठीने खेळतील अशी तिला भीती वाटत होती. तरी तिने पेनड्राइव्ह परत केला. "घाण याच वाटेनं आली होती. पुन्हा नको."

तिने मशीनवरचा मॉडेल नंबर वाचला आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच वेबसाइटवरून ड्रायव्हर घेतला. तो जुन्या सिस्टिमचा निघाला. तिने तो काढला, नवा शोधला, टाकला. दुपारी सुई हलली. मग दोघं नवरा-बायको जेवायलाही उठली नाहीत.

शनिवारी गाडीत चढण्याआधी मुली शालनकडे पाठ करून रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येक पाठीवर गावाचं नाव पुरं होतं. शालनला रडू आवरेना.

तात्पर्य: नव्याने सुरुवात करायला हिंमत लागते, पण घाईला भुलून जुनीच चूक परत घरात घेतली तर ती हिंमत फुकट जाते.