मठाच्या बागेतला काठ

एकोणीसशे एकोणनव्वद साल. मार्गशीर्ष सरत आला होता.

“...मग आता तरी फिटलं ना महाराज, माझं देणं?”

राणोजी ठेकेदारानं पुन्हा विचारलं.

गावतळ्याला चहूबाजूंनी दगडी भिंत त्यानंच घातली होती. गावानं त्याला फेटा बांधला. त्या हिवाळ्यापासून काठच्या चिखलात चरणारी पाखरं यायची थांबली. मठातले सोमगिरी महाराज एवढंच म्हणाले होते, “काठ खाल्लास. परत दे.”

राणोजी त्यांचा शिष्य; त्याच्या ते जिव्हारी लागलं. म्हणून मठाच्या बागेत त्यानं जुना काठ उभा केला. लांबरुंद हौद, तळाला तळ्यातलाच गाळ, कडेनं लव्हाळी, पाणकणसं. मधे कुंभाराकडून घडवून आणलेले मातीचे बगळे. उद्या मामलेदार उद्घाटनाला येणार होते.

महाराज बघत राहिले...

“बगळे काय खातात रे?”

“मातीचे आहेत, महाराज.”

“मग स्वस्तात पोसले जातील.”

राणोजी हसला नाही. “बाराही महिने हौद तुडुंब. बोटभरसुद्धा पाणी उतरायचं नाही. तशी सोयच केलीय.”

“मग काठ कुठाय?”

“हा काय! समोर...”

महाराजांनी छाटी वर खोचली, हौदात उतरले आणि तळाच्या भोकात कोंबलेला बोळा उपसून काढला.

पाणी गुरगुरत निघालं.

“महाराज! उद्या माणसं येणार! चिखल दाखवू त्यांना? वास सुटेल. माझी छी-थू होईल.”

“होईल.” महाराजांनी तो चिंध्यांचा बोळा त्याच्या हातात दिला. “तुझा हौद आहे. घाल परत.”

राणोजीनं बोळ्याकडे पाहिलं. पाणी निघून चाललेल्या भोकाकडे पाहिलं...

मग बोळा कुंपणापलीकडे भिरकावला.

दुसऱ्या दिवशी मामलेदार नाकाला रुमाल लावून परत गेले. “ठेकेदारानं डबकं बांधलं!” म्हणत लोक फिदीफिदी हसले. राणोजी कडेला बसून राहिला. मान खाली. पण उठला नाही.

उन्हं कलली. लव्हाळ्यांतून एक तुतवार पक्षी आला. इवलासा, शेपटी नाचवत चालणारा. मातीच्या बगळ्याच्या पायाशी त्यानं चिखलात चोच खुपसली. किडा ओढून काढला.

राणोजीनं मान वर केली.

महाराज मागं येऊन उभे होते.

“मिटलं तुझं नि पाखरांचं. चल, भाकरी खा.”