सोनेरी पोपट, रुपेरी पोपट आणि हिरवा

एका राज्यात सिंहासन होते, सिंहासनावर राजा होता, समोर भरलेला दरबार होता. नव्हती ती फक्त राजाची वाणी. राजा धृतवर्म्याने जादूगार कर्कटाक्षाला राजगुरूपद नाकारले, तेव्हा त्या मायाव्याने राजाचा आवाज काढून एका पोपटात कोंडला आणि पोपटासह काजळडोंगर गाठला. आता राजा हातवारे करी, प्रधान भलताच अर्थ लावी आणि न्याय मागायला आलेली माणसे गोंधळून घरी परतत.

राजाची एकुलती एक लेक रत्नलेखा. तिने घोडा पाळला होता, हरीण पाळले होते, पाखरू मात्र कधी पाळले नव्हते. तरी ती एकटीच डोंगर चढून गेली.

जादूगाराच्या अंगणात तीन पिंजरे टांगले होते.

"यातला एक खरा," कर्कटाक्ष म्हणाला. "निवड एकदाच. चुकलीस तर वाणी कायमची माझी. आणि जो नेशील तो जन्मभर सांभाळायचा. पोपटाला आयुष्य मोठे असते, राजकन्ये."

"मान्य. पण ज्याला घरी न्यायचे, त्याची आधी ओळख नको?"

"मग तीन कामे कर. चारा घाल, पिंजरे झाड, आणि एकाला तरी हातावर बसव."

पहिला पोपट सोन्याच्या पंखांचा. "लेकी, मला घरी ने," तो हुबेहूब राजाच्या आवाजात बोलला. दुसरा रुपेरी, त्याने तिच्या रूपाचे श्लोक म्हटले. तिसरा साधा हिरवा. तो पाठ फिरवून बसला.

तिने तिघांना पेरू, भिजवलेले हरभरे आणि हिरव्या मिरच्या घातल्या. सकाळी झाडायला गेली, तर सोन्याच्या आणि रुप्याच्या पोपटाखाली कचऱ्याचा कणही नव्हता. पेरूला चोच लागली नव्हती. हिरव्याखाली मात्र टरफले, मिरच्यांचे बी, शीट, नुसता उकिरडा. रत्नलेखेने तबेला पाहिला होता. जिवंत जीव खातो आणि खाणारा घाण करतो, एवढे तिला ठाऊक होते.

तिसऱ्या कामाला सोनेरी पोपट आपण होऊनच तिच्या हातावर आला. पण हातावर काही बसल्यासारखे वाटेना. धुके बसावे तसा तो बसला. तिने त्याला परत ठेवले आणि हिरव्याच्या पिंजऱ्यात हात घातला. तो कडकडून चावला. बोटातून रक्त आले.

तिने हात झटकला नाही, रागावलीही नाही. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून, तळहातावर पेरूची फोड घेऊन ती दुसरीकडे पाहत बसली आणि हलकेच गुणगुणू लागली. ऊन अंगणभर फिरले. हात भरून आला. मग मनगटावर नख्यांची उबदार पकड बसली. त्या पाखराला वजन होते.

"हा," रत्नलेखा म्हणाली.

"तो तर बोलतही नाही."

"त्याच्या मनात येईल तेव्हा बोलेल."

तत्क्षणी सोनेरी आणि रुपेरी पोपटांचा धूर झाला. कर्कटाक्षाने मान खाली घातली आणि वाट मोकळी करून दिली.

दरबारात सगळ्यांनी हिरव्याला घेरले. "बोल राघू, बोल." तो बिचारा अंग आक्रसून बसला. रत्नलेखेने त्याला उचलून महालात नेले, खिडकीशी दांडी बांधली आणि लोकांना तिकडे फिरकू दिले नाही.

एका दुपारी तो पितळी वाडग्यात न्हाला आणि पंख झाडून तिला भिजवून मोकळा झाला. ती खळखळून हसली. तोच पाठीमागून राजाचा आवाज आला, "लेखे, जेवलीस का?"

तिने वळून पाहिले. बोलला होता पोपट. दारात राजा उभा होता. त्याचे ओठ त्याच शब्दांवर हलत होते.

"जेवलीस का गं?" या खेपेला शब्द राजाच्या मुखातून आले.

तिने नाही म्हणून मान हलवली. त्या दुपारी बापलेक एका ताटात जेवले.

दुसऱ्या दिवसापासून न्याय पुन्हा सुरू झाला. हिरव्याकडे आता स्वतःचा कर्कश आवाज तेवढा उरला आणि तो त्याने हातचा राखून ठेवला नाही. ऐन निवाड्याच्या वेळी तो लेकीच्या खांद्यावरून किंचाळे. राजा हातातला दंड खाली ठेवी, त्याचे संपेतो थांबे आणि मग बोले.